शेजारणीची जीभ

ठाकूर गुरुजींनी माझ्या हातात घावन ठेवलं आणि भोवतालची दहा-बारा माणसं माझ्या तोंडाकडे टक लावून बघू लागली. घावन पातळ होतं, जाळी छान पडली होती, बरोबर द्रोणात गूळ घातलेला नारळाचा रस होता. मी एक तुकडा मोडला, रसात बुडवून तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

काही म्हणता काही लागलं नाही. भिजलेला पुठ्ठा चघळावा तसं वाटलं.

"नारळ आज सकाळी फोडलेला आहे," मी डोळे उघडून म्हणालो. "आणि गूळ काळा वापरलाय. म्हणून चव अशी भरून आलीय."

"बघा! याला म्हणतात जीभ!" गुरुजींनी टाळी वाजवली. घावनवाली लाजून हसली. खरं म्हणजे ताजी करवंटी तिच्या पायाशीच पडली होती आणि गुळाची ढेप तिच्या पाठीमागे उघड्या डब्यात दिसत होती. त्या शोधात जिभेचा काडीचा संबंध नव्हता.

या गोष्टीला आता तीस वर्षं होऊन गेली. तेव्हा एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत 'टिपणीसांचं ताट' नावाचं माझं सदर चालायचं. गावोगाव जायचं, रस्त्यावरचं काय काय खायचं आणि त्यावर लिहायचं. भाकरीचा एक घास खाऊन पीठ जात्यावरचं की गिरणीतलं ते टिपणीस सांगतात, अशी माझी ख्याती होती. असल्या दंतकथा निम्म्या वाचकांनी रचल्या होत्या आणि निम्म्या मीच हळूच सोडून दिल्या होत्या.

माणबेटावर जायच्या आधी तीन दिवस मला सर्दी झाली. साधी नव्हे, कवटी भरून टाकणारी. रुमालावर निलगिरीचं तेल ओतून नाकाशी धरलं तरी वास येईना. बायको म्हणाली, "अहो, जाऊ नका. नाकच बंद आहे तर चाखणार काय?" पण पुरवणीत चौकट छापून झाली होती, 'पुढील रविवारी: माणबेटावरचे सहा घाणे'. बेटावरच्या शाळेत शिकवणाऱ्या ठाकूर गुरुजींनी तर सहा महिन्यांत मला तीन पत्रं पाठवली होती. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, वीस वर्षं हेच करतोय, डोळ्यांनी आणि कानांनी निभावून नेऊ. गवयाचा घसा बसला तर लोक हळहळतात. चव सांगणाऱ्याची चव गेली असं कळलं तर लोक हसतील, ही भीती होती. एवढ्याशा भीतीपायी पुढचं सगळं घडलं.

माणबेट म्हणजे खाडीच्या तोंडाशी असलेलं एवढंसं बेट. या टोकाकडून त्या टोकाकडे चालत जायला अर्धा तास पुष्कळ. बंदरापासून देवीच्या देवळापर्यंत फरसबंद वाट, आणि वाटेच्या कडेला माडाच्या झापांच्या सावलीत सहा जणी चूल मांडून बसलेल्या. पौषातल्या रविवारी लाँच भरभरून माणसं देवीला येत, आणि जाता-येता या सहा जणींकडे खात. घावनं, खापरोळ्या, उकडलेले करांद्याचे कंद, बोंबलाची भजी, कोनफळाची भजी आणि सगळ्यात शेवटी, देवळाच्या पायऱ्यांशी, धुरपाबाईचे जवळ्याचे वडे.

घावनानंतर माझी भीड चेपली. खापरोळीच्या दुकानी मी मेथीचे दाणे भिजत घातलेलं भांडं बघून मेथीचं प्रमाण वाखाणलं. बोंबलाच्या भज्यांपाशी, "मासा आजचा आहे," असं बजावून सांगितलं. तो आजचाच होता, कारण भजीवालीचा नवरा शेजारीच ओली जाळी झाडत बसला होता. माणसं माना डोलवत होती. गुरुजी वहीत लिहून घेत होते. लाज वाटायला हवी होती, पण मला मजा येत होती. चोरी पकडली जात नाही असं दिसलं की चोराला आपण हुशार वाटायला लागतो.

पाचवी चूल चांगुनाबाईची. साठी उलटलेली, उंच, हाडापेराची बाई. कोनफळाची जांभळी भजी तळायची. तिच्या आणि सहाव्या चुलीच्या मध्ये हातभर अंतर होतं, आणि तिथे धुरपाबाई बसली होती, तेवढ्याच वयाची, पण बुटकी, कपाळावर गोंदण, हिरवं लुगडं.

"साहेब, जरा थांबा," गुरुजी माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "ही गंमत तुम्हाला लिहायला उपयोगी पडेल."

धुरपाबाईनं कढईतून पहिला घाणा काढला. त्यातला एक वडा तिनं केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवला आणि शेजारी सरकवला. चांगुनाबाईनं तो तोंडात टाकला, गिळला आणि कढईतून नजर न काढता म्हणाली, "बस."

मग चांगुनाबाईनं आपल्या घाण्यातलं एक भजं इकडे सरकवलं. धुरपाबाईनं ते खाल्लं. तीही म्हणाली, "बस."

"हा इथला रिवाज," गुरुजी सांगू लागले. "आपला घाणा आपण चाखायचा नाही. आपल्या हातचं आपल्याला गोडच लागतं. म्हणून शेजारणीनं चाखायचा. ती बस म्हणाली की दुकान मांडायचं. ऊठ म्हणाली की त्या दिवशी चूल विझवून घरी जायचं, वाद घालायचा नाही. सहा जणींच्या तीन जोड्या आहेत. या दोघींची जोडी चाळीस वर्षांची."

"आणि ऊठ म्हणतात कधी?"

"म्हणतात तर! एकदा चांगुनाबाईनं यांना दिवाळीत उठवलं होतं. तेल जुनं होतं म्हणून. दोघी आठ दिवस बोलत नव्हत्या. पण धुरपाबाई उठली हो."

मी वहीत ते टिपून घेतलं. चांगुनाबाईचं भजं खाऊन मी पिठात दिसत असलेला ओवा वाखाणला. मग धुरपाबाईनं मला दोन वडे दिले. बारीक सुकी कोळंबी म्हणजे जवळा, तांदळाचं पीठ, कांदा, हिरवी मिरची. कडा कुरकुरीत होत्या, तेवढं दाताला कळलं. "वा!" मी म्हणालो. आतापर्यंत प्रत्येक बाई माझ्या 'वा'वर हसली होती. ही हसली नाही.

"गुरुजी," ती म्हणाली, "साहेबांना पानी आना की. देवलाच्या विहिरीचा आना, गोड हाय."

गुरुजी लगबगीनं पायऱ्या चढून गेले. लाँच यायला अजून वेळ होता, बघ्यांतली माणसं चांगुनाबाईच्या भज्यांकडे वळली होती. धुरपाबाईनं झारा खाली ठेवला आणि माझ्याकडे जरा वाकून हळू आवाजात म्हणाली, "साहेब, येक इचारू? तुमच्या जिभेचा मोठा नाव हाय. गुरुजी साळंत वाचून दावतात. खरा सांगा. मीठ बराबर हाय का?"

"का हो, असं का विचारता?"

"मना चव लागत नाय."

मी हातातला वडा पानावर ठेवला.

"गनपतीत ताप आला. म्हैनाभर खाटंवर व्हते. ताप गेला तो चव घेऊन गेला. साकर आन मीठ मना सारकाच. कोनाला बोलले नाय. हाताला सवय हाय, हातानं करते."

"पण चांगुनाबाई रोज चाखतात ना?"

"तीच तर गोस्ट हाय." तिनं शेजारी चोरटी नजर टाकली. "पयली ती सावकास खायाची. तोंडात घोलवायाची, मंग बोलायाची. आता गिलते आन बस बोलते. माज्या तोंडाकं बघत पन नाय. साहेब, मी पन तिची भजी खाते आन बस बोलते. मना काय कलतंय त्यातला? पन बोलते. तशीच ती पन मना बोलत असंल तर? म्हातारीला उठवू कशाला म्हनून?"

तिनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"पोरगा भांडुपला बोलावतोय. चौथ्या माल्यावर खोली हाय त्याची. मना जायाचा नाय. माजा सगला इथं हाय. पन लोकांना वंगाल खायाला घालून बसाचा बी नाय मना. मीठ बराबर असंल तर बसते. नसंल तर आजच उठते. तुमी परके हाव, तुमाना माजी दया कशाला येल? म्हनून इचारते."

बाई, मला सर्दी आहे, मलाही काही लागत नाही. एवढंच बोलायचं होतं. एक वाक्य. तिनं तर आधी आपलं सांगून माझी वाट सोपी करून ठेवली होती. तिनं चार महिने कुणालाच न सांगितलेली गोष्ट मला सांगितली, आणि माझी तीन दिवसांची सर्दी माझ्या तोंडून निघेना. वरून गुरुजी तांब्या घेऊन पायऱ्या उतरताना दिसत होते. त्यांच्यासमोर, त्या वहीसमोर, हे कसं सांगायचं?

'बरोबर आहे' म्हणून मोकळं होता आलं असतं. पण तिला वाटलं असतं, हाही दयाच करतोय. शिवाय सगळ्याला छान म्हणणाऱ्याची जीभ कोण मानतं? सकाळपासून मी पाच ठिकाणी डोळ्यांनी चव सांगितली होती आणि पाचही ठिकाणी बरोबर ठरलो होतो. मी तिच्या चुलीभोवती नजर फिरवली. पिठाचं घमेलं, जवळ्याची परडी, कांदे आणि मिठाची बरणी. बरणी गळ्यापर्यंत भरलेली, वर झाकण, झाकणावर धूळ. म्हणजे बाईनं मीठ घातलेलंच दिसत नाही.

"मीठ किंचित कमी आहे," मी म्हणालो.

सुक्या जवळ्यात समुद्राचं मीठ असतंच. तो किती धुवायचा आणि वरून काही घालायचं की नाही, हेच तर त्या वड्याचं सगळं कसब. हे मला माहीत नव्हतं असं नाही. सोड्यांवर आणि जवळ्यावर मी चार लेख लिहिले होते. पण त्या क्षणी मला फक्त बरणीवरची धूळ दिसली.

धुरपाबाई दचकली नाही. "असंल," ती म्हणाली. "मना वाटलाच व्हता." आणि तिनं झारा उचलून कढईच्या बाजूला ठेवला, उठण्यासाठी गुडघ्यावर हात टेकला.

तेव्हा मी घाबरलो. "अहो, उठताय कशाला? पीठ आहे की अजून. मीठ घाला, झालं!"

"किती?"

"घाला मूठभर."

तिनं झाकण काढलं, मूठ भरली, घमेल्यावर धरली आणि थांबली. "चांगुनाला येकदा दावू का चाखून?"

"त्यांना कशाला?" मी म्हणालो. "मी आहे ना."

तिनं मूठ सोडली.

गुरुजींनी पाणी दिलं, मी प्यायलो आणि म्हणालो, "खरंच गोड आहे हो." तेवढ्यात बंदरावर लाँचचा भोंगा वाजला.

माणसं आली. नवस फेडायला आलेलं मोठं कुटुंब होतं, वीस-पंचवीस माणसं, पुढे सफारी घातलेला एक टकला गृहस्थ. दर्शन करून ती सगळी खाली आली तेव्हा धुरपाबाईचा नवा घाणा निघत होता. ती एरवी बोलत नसावी, पण त्या वेळी हौसेनं बोलत होती. "घ्या, गरम हाय, घ्या." तिला वाटत होतं, आज किती तरी दिवसांनी आपल्या हातचं बरोबर झालंय.

टकल्या गृहस्थानं वडा चावला आणि वाटेवरच थुंकला. "आजी, नुसतं मीठच तळलंय की काय?"

बाकीचे हसले. एका बाईनं मुलाच्या हातातला वडा काढून घेतला आणि कुत्र्याला टाकला. कुत्र्यानं तो हुंगून सोडून दिला. आणखी हसले.

चांगुनाबाई जागची उठली. ती आली, तिनं परातीतला एक वडा उचलला, तुकडा तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं. मग उरलेला वडा हातात धरून म्हणाली, "धुरपे, ह्या मी चाखलेला नाय."

चांगुनाबाईची नजर मिठाच्या उघड्या बरणीकडे गेली.

"मीठ कवा घातला? कोनी सांगला तुला?"

माणसं गोळा झाली होती. धुरपाबाईनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. तुम्ही सांगा ना, अशी ती नजर होती. गुरुजींना काहीच ठाऊक नव्हतं, ते माझ्या मदतीला धावले. "अहो, टिपणीससाहेबांनी आत्ताच चाखलाय की. साहेब, तुम्हीच सांगा. मघाचा वडा कसा होता?"

"मी खाल्ला तेव्हा मीठ व्यवस्थित होतं," मी म्हणालो. "नंतर काय झालं, मला कल्पना नाही."

हे वाक्य मी त्या बेटाबाहेर आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. लाँच, घावन, सर्दी, सगळं हसत हसत सांगितलं. हे गाळून सांगितलं.

धुरपाबाईची नजर माझ्या तोंडावर आली. मी नाक बंद असल्यामुळे सकाळपासून तोंड किंचित उघडं ठेवून श्वास घेत होतो. ती ते बघत होती.

"साहेबांचा बराबर हाय," ती म्हणाली. "माजाच हात चुकला."

"धुरपे..." चांगुनाबाई म्हणाली.

"तू नको बोलू. तुज्या तोंडून नको. मीच उठते."

तिनं कढई उतरवली. चुलीतली लाकडं बाहेर ओढून त्यांवर पाणी मारलं. घमेल्यातलं सगळं पीठ देवळामागच्या खाजणात नेऊन ओतलं आणि रिकामं घमेलं घासायला बसली. कुटुंब भज्यांकडे वळलं. चांगुनाबाईनं त्यांना भजी दिली.

दुपारच्या लाँचला गुरुजी मला सोडायला आले. झालेल्या प्रकाराबद्दल ते पुन्हा पुन्हा माफी मागत होते. "वय झालंय हो त्यांचं. तुम्ही एवढे लांबून आलात, नेमकं तुमच्यासमोर असं व्हावं!" मी मोठ्या मनानं म्हणालो, "चालायचंच, गुरुजी."

लाँचचा दोर सोडता सोडता धुरपाबाई धक्क्यावर आली. तिच्या हातात केळीच्या पानाची पुडी होती, वर केळीच्याच सोपाचा दोरा बांधलेला. माझ्या हातात देऊन म्हणाली, "पयल्या घान्यातले हायेत. मीठ घालायच्या अगुदरचे. तुमच्यासाटी ठेवले व्हते."

"बाई, मी..."

"नाकात बोलताव तुमी," ती हळूच म्हणाली. "मना तवाच कलाया पायजे व्हता. माजा ताप उतरला तवा मी पन अशीच बोलायाची. जीभ बरी झाली का खा."

लाँच सुटली. मी पुडी पिशवीत घातली आणि बंदराकडे पाठ करून बसलो.

सोमवारी लेख दिला. घावनापासून कोनफळापर्यंत पाच घाण्यांवर दीड रकाना लिहिला, रिवाजाची गंमत लिहिली, गुरुजींचं नाव लिहिलं. मथळ्यात सहा घाणे होते ते मी पाच केले. धुरपाबाईबद्दल एक ओळ नाही. मला वाटलं, न लिहिणं हाच सभ्यपणा आहे.

मंगळवारी सकाळी नाक सुटलं. चहात आल्याचा वास आला आणि मला पुडी आठवली. वडे वातड झाले होते, तेल पानाला लागलं होतं. मी स्वयंपाकघरात उभा राहूनच एक मोडून खाल्ला. आधी तांदळाचा गोडवा, मग मिरची, मग जवळ्याचा तो खमंग खारेपणा. मीठ इतकं बरोबर होतं की कणभर इकडे नाही, कणभर तिकडे नाही. वीस वर्षांत रस्त्यावर खाल्लेल्या कुठल्याही पदार्थात इतकं बरोबर मीठ मला आठवत नव्हतं. तिच्या जिभेला काही कळत नसताना तिच्या हातानं ते केलं होतं. बायको विचारत होती, काय झालं, मिरची लागली का? मी हो म्हणालो.

लगेच जायला हवं होतं. मी पाच आठवडे लावले. आज कामं, उद्या कामं, पुढच्या रविवारी नक्की. माणूस लाजला की आधी कारणं गोळा करतो.

गेलो तेव्हा फाल्गुन लागला होता. जत्रेची गर्दी ओसरली होती, मी गुरुजींनाही कळवलं नव्हतं. वाटेनं चालत गेलो. पाचच चुली पेटलेल्या होत्या. देवळाच्या पायऱ्यांशी सहावीच्या जागी तीन काळे दगड होते आणि त्यांच्यामध्ये राख. चांगुनाबाई आपल्या जागी कोनफळाचे काप करत होती. तिनं मला ओळखलं. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

"धुरपाबाई?" मी विचारलं.

"भांडुपला."

"कधी गेल्या?"

"तुमी गेलाव, त्याच्या चौथ्या दिशी. पोरगा येऊन घेऊन गेला."

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. सर्दी, बरणीवरची धूळ, मूठभर मीठ, शेवटचं वाक्य. ती काप करत होती. मध्ये एकदाही थांबली नाही.

"ठाव हाय मना," माझं सांगून संपल्यावर ती म्हणाली. "जाताना सांगून गेली."

"मग तुम्ही त्यांना थांबवलं का नाही? चूक माझी होती ना. वडे तर उत्तम होते. तुम्ही रोज खरंच सांगत होतात."

"मी तिला चालीस वरसांत कवा खोटा नाय बोलले." तिनं विळी बाजूला केली. "ती समजली मी दयेनं गिलते. बघा." आणि तिनं तोंड उघडून दाखवलं. डावीकडच्या दाढा नव्हत्या, उजवीकडे हिरडी सुजलेली होती. "दसऱ्यापासना चावता येत नाय मना. दुखतं म्हनून गिलते, तोंड वाकडा होतं म्हनून तिच्याकडं बघत नाय. आता दाढा पडल्या ह्या काय शेजारनीला सांगायाची गोस्ट हाय? आन तिला चव लागत नाय ता मना कवाच कललेला. येक दिस मी भज्यात मीठच नाय घातला, तरी ती बस बोलली. तवापासना माजा घाना मी गुपचूप चौथ्या चुलीकडं चाखाया पाठवायची. तिला कलू नाय दिला."

"मग त्यांना हे सांगितलंत?"

"सांगितला. दाढा पन दाखवल्या. तवाच ती रडली." चांगुनाबाईनं विळी पुन्हा पुढे ओढली. "मिठापायी नाय गेली ती. बोलली, चालीस वरसं तुजी जीभ माजी व्हती, आन मी परक्याची धरली. आता कंच्या तोंडानं तुज्या बाजूला बसू?"

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. भांडुपचा पत्ता मागावा असंही मनात आलं. मी तो मागितला नाही, ना त्या दिवशी, ना नंतर. सदर मात्र पुढे अकरा वर्षं चाललं.

चांगुनाबाईनं कढईत काप सोडले. पहिला घाणा तळून झाला, झाऱ्यावर निथळला. तिनं सवयीनं केळीच्या पानाचा तुकडा फाडला, त्यावर एक भजं ठेवलं आणि सहाव्या चुलीच्या दिशेनं हात केला. तिथे दगड होते. हात तसाच थोडा वेळ राहिला. मग तिनं ते पान माझ्यापुढे सरकवलं.

"चाखा," ती म्हणाली.

मी भजं खाल्लं. आता नाक साफ होतं, जीभ ठिकाणावर होती. कोनफळ, ओवा, मीठ, सगळं वेगवेगळं आणि स्वच्छ लागत होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"सांगा. बसू का उठू?"

मी तोंड उघडलं. चाळीस वर्षं धुरपाबाईनं जो शब्द त्या जागेवरून उच्चारला, तो माझ्या तोंडून निघेना.

"मला नाही सांगता येत," मी म्हणालो.

चांगुनाबाईनं पानाचा तुकडा माझ्यापुढून उचलला आणि चुलीत टाकला.

"ह्याच त्या दिशी बोलाचा व्हता," ती म्हणाली.